इरण्णांनी न केलेली सही

इरण्णांच्या मुलीचा, महादेवीचा फोन आला तेव्हा मी परातीत ज्वारी घेऊन खडे निवडत बसले होते. एप्रिलचं ऊन, जेमतेम दहा वाजलेले, पण पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. "मॅडम, अप्पा गेले," ती म्हणाली. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा सरळ आवाज. "सकाळी अंगोळ केली, इबूत लावली, पूजेला बसले... आन् उठलेच न्हाईत." अशा वेळी माणूस काय विचारतं? कसं झालं, आई कशी आहे, कोण कोण आलंय. मी विचारलं, "माझ्यासाठी काही निरोप ठेवला होता का गं त्यांनी?" ती म्हणाली, "न्हाय की मॅडम. कसला निरोप?" मी "काही नाही, येतेच मी" म्हणून फोन ठेवला. बाप गेलेल्या पोरीला मी पहिल्यांदा विचारलं ते स्वतःबद्दल. त्याची लाज अजून जात नाही, आणि तसं का विचारलं हे सांगायलाच हा लेख लिहायला बसले आहे.

शेळगीकडच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गर्दी मावत नव्हती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे इरण्णांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, गळ्यात हार. आमच्याकडं माणूस आडवा असतो, त्यामुळं तो गेलाय हे पटतं तरी. इरण्णा बसलेलेच होते, आणि नेहमीसारखे ताठ. बायका कन्नडमध्ये काहीतरी संथ सुरात म्हणत होत्या. महादेवीची आई, कस्तुरअक्का, माझा हात धरून म्हणाली, "लई आठवण काढायचे हो तुमची." मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. मी पायांना हात लावला आणि वर बघितलंच नाही. सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडाकडं बघून मी हुकूम सोडले, त्याच्या तोंडाकडं त्या दिवशी मला बघवलं नाही.

सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण चूक वाचनालयाची नाही, माझी आहे. जिन्याखाली एक कोनाडा होता, तिथं झेरॉक्सचं मशीन, आणि मशीनपाशी इरण्णा. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, घरी कन्नड, शाळा सातवीपर्यंत. मी नोकरीला लागले त्याच्या पुढच्याच महिन्यात ते आले. माझ्या टेबलावरून त्यांचा कोनाडा दिसायचा आणि मी मुळात तापट, त्यामुळं दिवसातून चार वेळा तरी "इरण्णा, लाईन लागलीय बाहेर, हात चालवा की जरा!" अशी माझी आरोळी जायची. ते शांतपणे म्हणायचे, "चालवतोय की मॅडम. पुस्तकाचा हात धरून चालवावं लागतंय." मी त्यांना आमचं हायकोर्ट म्हणायची. कारण कुठलं पुस्तक मशीनवर जाईल आणि कुठलं जाणार नाही, ह्याचा निकाल तेच द्यायचे. त्यावर अपील नव्हतं.

त्यांची पद्धत आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. जाड बांधणीचं पुस्तक मशीनच्या काचेवर पालथं घालून वरून झाकण दाबलं की पाठ मोडते, आणि एकदा पाठ मोडली की पानं सुटायला लागतात. इरण्णा झाकण कधीच दाबायचे नाहीत. घरून एक लाकडी पोळपाट आणला होता त्यांनी. पुस्तक अर्धंच उघडून एक बाजू काचेवर, दुसरी बाजू उभी पोळपाटाला टेकवलेली, आणि मधे स्वतःचा पंजा. शिवणीजवळच्या ओळी नीट येईपर्यंत दोनदा, तीनदा प्रत काढायचे. स्पर्धा परीक्षेची पोरं घाईला यायची. "अहो अण्णा, थोडं इकडं तिकडं झालं तर चालतंय!" इरण्णा म्हणायचे, "तुला चालतंय रे. उद्या दुसरा कोन तरी येईल, त्याला न्हाय चालायचं." अकलूजकडच्या एका कॉलेजातले प्राध्यापक तर माझ्याकडं तणतणत आले होते, की हा शिपाई मला शिकवतो म्हणून. मीही इरण्णांना चारचौघांत झापलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि माझं संपल्यावर प्राध्यापकांना म्हणाले, "सर, तुमी बसा, मी पानं उलटतो, तुमी लिहून घ्या." दोन दुपारी दोघंही खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. पुढं ते सर सोलापुरात आले की पहिल्यांदा जिन्याखाली जायचे, मग माझ्याकडं.

मग स्कॅनिंग आलं. आता मागे वळून बघताना कोणी असं म्हणेल, की जुन्या लोकांना नवं नको असतं. इरण्णांचं तसं अजिबात नव्हतं. उलट मशीन भंगाराच्या टेंपोत चढवलं तेव्हा मलाच भरून आलं, आणि ते म्हणाले, "जाऊ द्या की मॅडम. त्या उजेडानं कागद करपत होता. एकडाव फोटो काढून ठिवला की पुना पुना पुस्तक उघडायला नको. चांगलंच हाय की." त्यांना कळलेलं इतकं सोपं आणि बरोबर होतं, की मी तेच वाक्य जरा सजवून समितीच्या बैठकीत म्हटलं होतं. पहिलं काम ठरलं ते आमच्याकडच्या एका जुन्या स्थानिक साप्ताहिकाचं. त्याचे वर्षावर्षाचे बांधलेले खंड फक्त आमच्याकडं होते. गावातली गिरणी, यंत्रमाग, शाळांचे निकाल, कोण वारलं, कोणाची गाय हरवली, सगळं त्यात. काम एका बाहेरच्या कंपनीला दिलं. त्यांची दोन माणसं आली. मार्चअखेर पूर्ण झाल्याचा अहवाल गेलाच पाहिजे, अशी कार्यवाहांची ताकीद होती. आणि इरण्णांना नवं काम दिलं, पडताळणीचं. कॉम्प्युटरवरचं पान आणि मूळ पान शेजारी ठेवून बघायचं, आणि खंड संपला की पत्रकावर सही करायची. पत्रकावर छापलेलं होतं: "मूळ पानांशी ताडून पाहिले. पूर्ण आहे."

खंड जाड होते, आणि उघडे ठेवून एकेक पान टिपायला वेळ लागत होता. कंपनीची माणसं म्हणाली, शिवण कापून पानं सुटी करू, भराभर होतील. कार्यवाह हो म्हणाले. मीही हो म्हणाले. इथं मी अडवायला हवं होतं. पण मार्च डोक्यावर बसला होता... इरण्णा त्या आठवड्यात गावाकडच्या जत्रेला गेले होते. ते परत आले तोवर बाइंडिंगवाल्याच्या कटिंग मशीनवर तीन खंडांची पाठ उडवून झाली होती, सुटी पानं स्कॅनही झाली होती. इरण्णा पडताळायला बसले. तासाभरात माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, जरा हिकडं येता का?"

मी गेले. त्या जुन्या छपाईत आतला समास नव्हताच म्हणायचा, मजकूर थेट शिवणीपर्यंत गेलेला. पातं जिथून गेलं तिथून अर्धा बोट कागद गेला, आणि त्याबरोबर पानाच्या एका अंगाला प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गेलं, उलट्या अंगाला शेवटचं. कॉम्प्युटरवर तेच दिसत होतं, मूळ पानावरही तेच. इरण्णांनी बोट ठेवलं होतं त्या पानावर गिरणीतल्या एका अपघातात गेलेल्या कामगारांची नावं होती, एकाखाली एक. सगळ्यांची डोकी उडालेली. रसय्या. ल्लप्पा. हिबूब. "ह्यो कल्लप्पा का मल्लप्पा?" इरण्णांनी विचारलं. मी वैतागून म्हणाले, "कल्लप्पा असेल. वाचणारे लावतात अंदाज, इरण्णा, तेवढी अक्कल असते लोकांना." ते म्हणाले, "मेलेल्या मानसाचं नाव अंदाजानं कसं घ्यायचं, मॅडम?"

एवढं मात्र मी केलं, की चौथ्या खंडापासून कापणी बंद केली. कार्यवाहांशी भांडून केली. इरण्णांनी पोळपाट आणून कंपनीच्या माणसांना खंड कसा धरायचा ते दाखवलं, आणि पुढचे सगळे खंड शाबूत राहिले. ते आजही कपाटात आहेत. पण पहिल्या तीन खंडांचं पत्रक राहिलंच होतं, आणि अहवालाचा शेवटचा दिवस आला. मी पत्रकं इरण्णांपुढं ठेवली. म्हटलं, करा सही. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "पूर्ण हाय असं लिवलंय की वर. ते पूर्ण न्हाय." मी म्हटलं, नुसता शब्द आहे तो, छापील. "व्हय, पन सही माझी हाय न्हवं?" मी चिडले. खूप बोलले. त्यातलं एक वाक्य असं होतं, की झेरॉक्स काढणाऱ्यानं झेरॉक्सपुरतंच बघावं. पत्रकं सरळ करून, कडेला कड लावून त्यांनी परत माझ्या टेबलावर ठेवली. मग पडताळणी करणाऱ्याच्या जागी मी सही केली. तिन्ही पत्रकांवर. ताडून पाहिले, पूर्ण आहे.

पुढचं सगळं त्या सहीमागून आलं. पडताळणी झालेली म्हणून कापलेली सुटी पानं रद्दीत काढायला समितीची मंजुरी मिळाली, आणि ती गेली. मशीन नाही तर माणूस कशाला, म्हणून इरण्णांचं कामही गेलं. कार्यवाह बैठकीत म्हणाले की त्यांची वागणूक अडवणुकीची आहे. मी त्या बैठकीत होते. मी तोंड उघडलं असतं तर सहीचं विचारलं गेलं असतं. म्हणून मी वहीत बैठकीचा वृत्तांत लिहीत राहिले, आणि तो वृत्तांत फार सुवाच्य झाला. शेवटच्या दिवशी इरण्णा बाइंडिंगवाल्याकडून पिठाची एक रिकामी पिशवी भरून घेऊन आले होते. तिच्यात त्या तीन खंडांच्या कापलेल्या पाठी होत्या. अर्ध्या बोटाच्या पट्ट्या, जुन्या दोऱ्यानं आणि डिंकानं अजून एकमेकींना धरून, पानांच्या क्रमानं. "काय करणार ह्या चिंध्यांचं?" मी विचारलं. म्हणाले, "ह्यात हायती की ती अक्षरं. तुमच्याकडं पान हाय, माझ्याकडं कड हाय. एकडाव दोन्ही शेजारी घिऊन बसायचं. तासभर रोज बसलो तर सालभरात हुतंय."

इतकं साधं मागणं होतं. त्यांना स्कॅन केलेली पानं हवी होती. पगार नको, नाव नको. एका कॉम्प्युटरपुढं रोजचा एक तास हवा होता. मी म्हटलं, बघते. त्यानंतर ते वाचनालयात येत राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी, दुपारचे, गर्दी नसताना. बाकावर बसायचे, पाणी प्यायचे. मी मोकळी झाले की उठून यायचे. "झालं का मॅडम काय?" मी कधी सर्व्हर बंद आहे म्हणायची, कधी कार्यवाहांची परवानगी, कधी ऑडिट. सगळं खोटं. पानं माझ्या कॉम्प्युटरवर होती. पण इरण्णा रोज तासभर येऊन गहाळ अक्षरं भरताहेत हे कोणी बघितलं असतं, तर पूर्ण असलेल्या खंडात भरायचं काय राहिलं, हे कोणीतरी विचारलंच असतं. माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती. मग दोन. मग एक... ते प्रत्येक वेळी "बरं बरं, सवडीनं बघा" म्हणून जायचे. त्यांना खरं कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. सव्वीस वर्षांत मी एखादी गोष्ट ठरवल्यावर ती दोन दिवसांच्या वर रेंगाळलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

निवृत्त होताना मी सगळी पानं एका पेन ड्राइव्हवर घेतली. त्यांना देण्यासाठीच घेतली, असं मी स्वतःला सांगितलं. तो पेन ड्राइव्ह दीड वर्ष माझ्या पर्समध्ये होता. शेवटची भेट ह्याच फेब्रुवारीत झाली, सात रस्त्याच्या बस थांब्यावर. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा, अंगानं निम्मे. मला आवाजावरून ओळखलं. प्रकृतीची चौकशी झाली, महादेवीच्या मुलीच्या शाळेचं झालं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, नात म्हणती, ते सगळं पेन ड्राइव्हात मावतंय म्हणं. तिच्याकडं कॉम्प्युटर हाय. तुमाला तरास नको आता." पर्स माझ्या खांद्याला होती. हात घालायचा होता फक्त. आणि मी म्हटलं, "घरी आहे इरण्णा, पुढच्या आठवड्यात आणून देते." का म्हटलं? निवृत्त झाले होते, भीती कसली राहिली होती? इतके दिवस खोटं बोलल्यावर, तो इतका वेळ माझ्याकडंच होता हे त्यांच्या समोर पर्समधून काढून दाखवायची मला लाज वाटली. तेवढीच लाज. बस आली आणि मी चढले. त्यांनी हिरव्या चष्म्यातून चुकीच्या खिडकीकडं बघून हात हलवला.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पेन ड्राइव्ह घेऊन शेळगीला गेले. म्हटलं, निदान नातीला सांगू, पिशवीतल्या पट्ट्या आणि ही पानं, दोघी मिळून बसू. कस्तुरअक्कांनी पाणी दिलं. मी पिशवीचं विचारलं. महादेवी आईकडं बघून कन्नडमध्ये काहीतरी बोलली आणि मग माझ्याकडं वळली. "ती पिठाची पिशवी व्हय मॅडम? घर झाडून काढलं तवा निघाली. कागदाच्या नुसत्या पट्ट्या हुत्या, कसर लागलेली. पावनं हुते घरात, अंगोळीचं पानी लई लागत हुतं... बंबात घातल्या." मी विचारलं, कधी? म्हणाली, "परवाच." दारात तो तांब्याचा बंब उभा होता, घासून लख्ख. मी उठून त्याची राखेची खिडकी उघडून आत बघितलं, वेड्यासारखं. महादेवी घाबरली. "काय मॅडम, काय महत्त्वाचं हुतं का त्यात?" तिला काय सांगणार? बाईगं, तुझा बाप महिन्या-दोन महिन्यांनी त्यासाठी माझ्या दारात येत होता, आणि मी त्याला पाणी पाजून परत पाठवत होते, हे सांगणार?

ती गडबडीनं आत गेली आणि एक दोनशे पानी वही घेऊन आली. "अप्पांचं एवढंच ठिवलंय बगा. शेवटी शेवटी डोळ्याला भिंग लावून रोज गिरवत बसायचे. म्हातारपनी पोरावानी अक्षरं काढत्यात म्हनून पोरगी हसायची. आटवन म्हनून ठिवली." मी वही उघडली. पानभर एकेक सुटं अक्षर, एकाखाली एक. डाव्या बाजूला आकडे. खंड, पान, ओळ. अक्षर. खंड, पान, ओळ, अक्षर... मी त्या पोरीच्या पुढ्यात खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. ते गेले त्या दिवशी माझ्या डोळ्याला टिपूस आलं नव्हतं.

त्यांनी माझी वाट बघितली नव्हती. पान मिळत नाही म्हणून कडा मोजून, एकेक अक्षर उतरवून ठेवलं होतं. पहिला खंड पूर्ण, दुसरा निम्मा. पुढं डोळे गेले असणार. उरलेला दीड खंड बंबातून गेला, तो आता कुठंच नाही, आणि तो माझ्यामुळं नाही. हे मी वाचनालयाच्या समितीला गेल्या आठवड्यात लेखी कळवलं आहे. पत्रकांवरच्या तिन्ही सह्या माझ्या आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत, इरण्णांना कामावरून काढताना जे लिहिलं गेलं ते चूक होतं, हेही लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. पण पत्र फाइलला लागून गप्प बसू नये, म्हणून इथंही लिहिते आहे.

महादेवीनं वही मला उसनी दिली आहे. रोज सकाळी नातवाच्या लॅपटॉपवर पान उघडते, शेजारी वही ठेवते आणि ओळीमागं अक्षर भरत जाते. अपघाताचं ते पान परवा आलं. नरसय्या. महिबूब. आणि मल्लप्पा. कल्लप्पा नव्हता तो. त्याच्या खालच्या ओळीशी इरण्णांच्या वहीत अक्षर नाही, नुसती एक छोटी आडवी रेघ आहे. तिथं पट्टी फाटली असेल, कसरीनं खाल्ली असेल, त्यांना दिसलं नसेल. लॅपटॉपवर त्या ओळीत आहे, "दाशिव, वय १९". वाचलं आणि माझं बोट आपोआप 'स'च्या बटणावर गेलं. ह्या नावात दुसरं काय असणार? कोणीही सांगेल. मी बराच वेळ त्या अक्षरावर बोट धरून बसले... मग उचललं, आणि तिथं रेघ मारली.